मी जेवले, आता तू जेव

मित्रा,

रविवारी तुझ्या जलदानविधीत कुणीतरी माझ्या हातात माईक दिला आणि मी फक्त "थँक यू" म्हणून खाली बसले. शोकसभेत थँक यू. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, भन्तेजी मान खाली घालून होते, आणि मला दुसरा शब्द सुचला नाही. तू असतीस तर हे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरली असतीस.

बाकीचे छान बोलले. परभणीहून आलेल्या तुझ्या काकांनी तुला धाडसी कन्या म्हटलं. तुझ्या पप्पांचे साहेब म्हणाले, जगप्रवासी. आणखी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की संघमित्रा नावाच्या राजकन्येने समुद्र ओलांडला, या संघमित्रेनेही ओलांडला. मी तुझ्या फोटोकडे पाहत होते. आपण नूडल्सचं एक पाकीट दोघींत खात, लोकांच्या हॉस्टेलांतले संडास घासत देश बदलत होतो, यातलं कुणी काही बोललं नाही. बोलायचंही नसतं, मला कळतं. पण तिथे ज्या मुलीबद्दल चाललं होतं ती मला ओळखीची वाटेना.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना तुझे पप्पा जवळ आले.

"केतकी, उद्या दुपारी घरी ये जरा. एक अर्ज करायचाय. तुझं इंग्लिश चांगलं आहे."

"कसला अर्ज, काका?"

"वकिलातीला. तिकडचे पोलीस म्हणतात गाडी दुपारी दरीत गेली आणि ती जागेवरच गेली. पण तिचा आवाज आमच्याकडे संध्याकाळी आलाय. म्हणजे ती तोवर जिवंत होती. कुणी वर काढायला गेलंच नाही. ते लोक लपवायलेत काहीतरी."

मी "येते" म्हणाले. तो आवाज संध्याकाळी कसा आला, हे जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक त्या फोटोत होती.

हे मी मराठीत लिहितेय. आपण इंग्लिश आणि हिंदीत भांडायचो, मराठी फक्त चिडवायला आणि रडायला वापरायचो. पण काकू हे कधीतरी वाचतील.

तुला आठवतं, निघण्याआधी आपण बॅगा पाठीवर घेऊन भाईंदरपासून समुद्रकाठच्या तारोडीपर्यंत चालत गेलो होतो? सराव म्हणून. कपडे अजून घेतले नव्हते म्हणून तू दोन्ही बॅगांत घरचं तांदळाचं आणि गव्हाचं पीठ भरलं होतंस. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "मॅडम, रूम खाली कर रहे हो क्या?" तू म्हणालीस, "हाँ भैया, दुनिया में शिफ्ट हो रहे हैं." मला लाज वाटली. तारोडीत वाळत घातलेल्या मासळीपाशी बसलेली बाई आपल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कुठं चालल्या गो पोरींनो? घर हाय का न्हाय?" तू तिच्या शेजारी बसलीस, बॅग उघडून पीठ दाखवलंस. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी बाजूला उभी राहून खांदे चोळत होते. आपलं नेहमी असंच. तू बसायचीस, मी उभी.

घरी आल्यावर बॅगेत पीठ सांडलेलं दिसलं आणि काकूंनी तुला लाटणं दाखवलं. मग दोघींना जेवायला वाढलं. स्वतः बसल्या नाहीत. मी विचारलं, "काकू, तुम्ही?" तर तूच म्हणालीस, "ती माझं झाल्याशिवाय नाही बसत. लहानपणापासून. मी शाळेत डबा खाल्ला का ते विचारून मग ती चार वाजता जेवायची. वेडी आहे."

काकू म्हणाल्या, "वेडी तर वेडी. लेकरू जेवल्याबिगर घास उतरत न्हाई, काय करू?"

पुढचं सगळं यातूनच झालं. तुमच्या घरातल्या या एका सवयीतून.

श्रीलंकेत सोपं गेलं. रोज संध्याकाळी तू व्हॉइस मेसेज पाठवायचीस, "मी जेवले मम्मी, आता तू जेव." दोन निळ्या खुणा यायच्या आणि मीरा रोडला तुझ्या घरी ताट वाढलं जायचं. व्हिएतनाममध्येही जमलं. लाओसमध्ये आपण नदीकाठच्या त्या गावात अडकलो, रस्ता वाहून गेला, नेटवर्क गेलं. वर आलो तेव्हा तुझा फोन थांबेचना. काकू जेवल्या नव्हत्या. पप्पा पोलीस स्टेशनला जाऊन आले होते. काकूंना सलाईन लावायला लागलं होतं. तू रस्त्याच्या कडेला दगडावर बसून फोनवर बोलत होतीस आणि तुझा आवाज अगदी नीट होता, फक्त हाताने बाजूचं गवत उपटत होतीस.

त्यानंतर तू डबे भरायला लागलीस. नाव तूच दिलंस. निवांत दिवस बघून चार-पाच मेसेज एकदम रेकॉर्ड करून ठेवायचे. कधी जांभई देत, कधी तोंडात काहीतरी असल्यासारखं, एकदा तर चमचा वाजवून. ते तुझ्या जुन्या फोनमध्ये असायचे, त्यावरही तुझंच व्हॉट्सॲप जोडलेलं होतं. त्याची बॅटरी गेलेली, म्हणून तो हॉस्टेलमध्ये चार्जरला लावलेला, वायफायवर. आपण कामाच्या बदल्यात बेड घ्यायचो, दोघींना सुट्टी एका दिवशी कधीच मिळायची नाही. ज्या दिवशी तू डोंगरात, नेटवर्कबाहेर, त्या दिवशी मी संध्याकाळी तुझ्या जुन्या फोनवरून एक डबा पाठवायची.

पुढे पुढे नेटवर्क असतानाही डबा जायला लागला. तुला ताप असला की डबा. रडून घसा बसला असला की डबा. दिवसभर पाव आणि काकडी सोडून काही मिळालं नसलं, की हमखास डबा, त्यात वरणभाताचं वर्णन.

मी एकदाच बोलले होते. ताश्कंदला, कपडे धुताना.

"हे खोटं आहे, मित्रा."

"खोटं काय त्यात? डब्यातलं जेवण सकाळचं असतं म्हणून खोटं असतं का?"

"त्यांना वाटतं तू आत्ता बोलतेयस."

"तिला वाटतं मी जेवलेय. मग ती जेवते. बस. मुके, तू एवढा विचार करतेस ना, म्हणून तुझे कपडे वाळत नाहीत."

मुकी हे तूच मला ठेवलेलं नाव. तुझ्याशी वाद घालताना माझं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचायचं आणि तोवर तू विसरलेली असायचीस. ते उत्तर असं होतं, की काकू तुझ्या जेवणाची वाट बघत नव्हत्या. तू आहेस ना, याची बघत होत्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस असंही नाही.

जॉर्जियात आपल्याला सगळ्यात जास्त आवडलं होतं, नाही? हॉस्टेलच्या मालकीणबाईंचं नाव नाना. तू पहिल्याच दिवशी त्यांना हिंदीत सांगितलंस की आमच्या परभणीच्या नानांना मिशा आहेत. त्यांना एक अक्षर कळलं नाही. तू ओठांवर बोट आडवं धरून मिशा दाखवल्यास, तर त्या वस्तरा आणून द्यायला निघाल्या. त्यांची चीजची भाकरी तू अर्धी खायचीस, अर्धी माझ्या ताटात सरकवायचीस आणि म्हणायचीस, "पचत नाही गं मला." तुला दगड पचायचे. मला दिसत होतं. मीही बोलत नव्हते. आपल्यात हे असंच चालायचं, एकमेकींना कळलेलं न बोलता.

तिथल्या गच्चीवर चादरी वाळत घालताना तू शेवटचे डबे भरलेस.

त्या दिवशीचं आता लिहिते. एकदा लिहायलाच हवं.

सकाळी सुट्टी तुझी होती. तुला वरच्या गावातलं जुनं चर्च बघायचं होतं, शेअरच्या व्हॅनने जाणार होतीस. मी जिन्यात बादली घेऊन उभी होते. मी म्हणाले, मला आता घरी जायचंय. तू म्हणालीस, आर्मेनिया इथून हाकेवर आहे, एवढं करू आणि जाऊ. मी म्हणाले, तू हे प्रत्येक देशात म्हणतेस. तू बुटाची नाडी बांधत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मग तू जा ना. मी अडवलंय का?"

मी बादली उचलून वर गेले. खालून तुझा आवाज आला. "ए मुके. संध्याकाळी बोलू. डबा पाठव हां."

मी उत्तर दिलं नाही. रागाने नाही. मला वाटलं तुला माहीत आहे की मी पाठवीन.

दिवसभर मी बेड बदलले. न्हाणीघरातली जाळी साफ केली. दुपारी पाऊस येऊन गेला आणि मी धावत जाऊन चादरी काढल्या. पुढे मला कळलं त्याप्रमाणे तू तेव्हा गेलेली होतीस. तुझी गाडी वळणावर घसरली होती, त्याच पावसात. माझ्या हातात ओल्या चादरी होत्या आणि मी तुझ्यावर चिडले होते, कारण कामाला तुझा हात नव्हता.

संध्याकाळी मी तुझा जुना फोन उचलला आणि डबा पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. काकूंचं उत्तर आलं, "जेवते ग बाई. तू झोप आता." मी त्याच्यावर तुझ्या नावाने एक हृदय टाकलं. तू टाकायचीस तसं लाल.

मग नाना दोन माणसांना घेऊन आत आल्या. मला वाटलं पाहुणे आहेत. मी खोलीची चावी उचलली आणि हसून पुढे गेले. नानांनी माझ्या हातातून चावी काढून घेतली.

घरी फोन मी केला. पप्पांना सांगितलं. मागून काकूंचा आवाज आला, "पण ती तर जेवले म्हणाली." पुन्हा, "अहो, आत्ता तर म्हणाली." मला तेव्हाच सांगता आलं असतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तो न फुटण्यामागे काही विचारही नव्हता. मी एवढंच सांगू शकते.

तू कार्गोच्या दाराने परत आलीस. सामान उतरतं तिथून. पप्पांना चार खिडक्यांवर सह्या कराव्या लागल्या. एका माणसाने दुसऱ्याला ओरडून विचारलं, "जॉर्जियावाला किधर है?" आणि पप्पा म्हणाले, "इधर है, हमारा है." पेटी उघडू नका असं सांगितलं होतं. काकूंनी पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ही तीच हाय ना? तू बघितलंस ना?" मी बघितलं होतं. मी हो म्हणाले. त्यानंतर पंधरवडाभर त्या प्रत्येक येणाऱ्याला एकच सांगत राहिल्या, "जेवून गेली माझी लेक. उपाशी न्हाई गेली." तेवढ्यावर त्या उभ्या होत्या. आणि मी समोर बसून चहा पीत होते.

सोमवारी मी तुमच्या घरी गेले. पप्पांनी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून ठेवला होता. तुझे पप्पा आयुष्यभर अर्ज लिहीत आले. सोसायटीचं पाणी, रस्त्यावरचा दिवा, तुझं जातप्रमाणपत्र. अर्ज केला की उत्तर येतं, असं मानणारा माणूस. त्यांनी मराठीत कच्चा मसुदा केला होता आणि चष्मा लावून वाचून दाखवत होते. मी एकेक वाक्य इंग्लिशमध्ये करत होते. महोदय. माझी कन्या. सदर अपघात. काकू दिवाणावर बसून फोन मांडीत घेऊन ऐकत होत्या.

मग ते वाक्य आलं. "वरील वेळेनंतर कित्येक तासांनी माझ्या कन्येने स्वतःच्या आवाजात आईला निरोप दिला असून, ती तोपर्यंत जिवंत होती याचा हा सबळ पुरावा होय."

माझी बोटं कीबोर्डवर होती. मी इंग्लिशमध्ये तुझं नाव टाईप केलं. पुढे जाईना.

"काय झालं? सबळला शब्द सुचेना का?" पप्पांनी विचारलं.

"काका, तो मेसेज तिने त्या दिवशी नाही केला."

"म्हणजे?"

"आधी करून ठेवला होता. मी पाठवला. मला माहीत नव्हतं ती..." एवढं बोलून मी थांबले, मग पुन्हा सुरू केलं. लाओसपासून. सलाईनपासून. डबा हा शब्दही सांगितला. मी इतकं सलग कधी बोलले नसेन. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते, स्क्रीनकडे बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप अलगद बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठीमागून त्यांचे खांदे अर्ज नाकारला गेल्यासारखे दिसत होते. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे. थोड्या वेळाने ते तिथूनच म्हणाले, "म्हणजे तिला थांबावं नाही लागलं. दरीत. कुणाची वाट बघत." मी म्हणाले, "नाही काका. लगेच झालं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं." त्यांनी मान हलवली. त्यांच्यापुरतं ते बरं झालं असावं.

काकूंचं तसं झालं नाही.

त्यांनी मांडीवरचा फोन उचलला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी मी जेवले."

मला आधी अर्थच लागला नाही.

"ती तिकडं पावसात पडलेली. आणि मी हिथं बसून सुकट घातलेलं वांगं खाल्लं. दोन भाकरी खाल्ल्या, केतकी. यांना म्हणलं, आज छान झालंय."

"काकू..."

"तू नको बोलूस. तू आत्ता काई बोलू नको."

उठून जावं का, कळेना. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडत नव्हत्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, दिवाणावर, आणि तुझं चॅट उघडलं. सगळे मेसेज. एकही काढून टाकलेला नव्हता. रोज रात्री अंगाला बाम लावताना त्या ते क्रमाने ऐकायच्या, पप्पांनी मला नंतर सांगितलं.

"आता सांग. यातला कोणता ती तवाच्या तवा बोलली, आन् कोणता भरून ठिवलेला?"

"कशाला काकू? आवाज तिचाच आहे."

"मला म्हाईत पायजे. मी कशावर जेवले ते मला म्हाईत पायजे."

मित्रा, मला तुझा राग आला. त्या दिवाणावर बसल्यावर पहिल्यांदा आला. तुझं सगळं गोड असायचं आणि त्याचा हिशेब द्यायला मी मागे राहायची. तू बोलून निघून जायचीस आणि लोक मला विचारायचे, ती असं का म्हणाली. आताही तेच.

पण मी सांगायला लागले. त्या एक मेसेज लावायच्या, तू "मी जेवले मम्मी" म्हणायचीस, त्या थांबवून माझ्याकडे बघायच्या.

"हा?"

"खरा. कँडीला होतो. मागे घंटा ऐकू येतेय ना, ती तिथली."

"हा?"

"डबा."

"काऊन? त्या दिवशी काय झालतं?"

"ताप होता तिला."

"किती?"

"खूप. मी पट्ट्या ठेवल्या होत्या."

"हा?"

"खरा. त्या दिवशी एका बाईने आम्हाला लग्नात जेवायला घातलं, ओळख ना पाळख. तिने चार वेळा भात घेतला."

काकूंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि पुन्हा जागेवर गेला. "हा?"

"डबा. आमचं भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"माझ्यामुळे. मी दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते."

अशी दुपार गेली. चहा कुणी केला नाही. पप्पा गॅलरीतून आत आले आणि दाराशी खुर्ची ओढून ऐकत बसले. डबा म्हटला की काकूंचा चेहरा मिटायचा. पण त्या दर वेळी विचारायच्या, काय झालतं, आणि मला सांगायला लागायचं. स्टेशनच्या फरशीवर झोपलो ते. तुझी चप्पल चोरीला गेली आणि तू हॉटेलच्या कागदी सपाता घालून फिरलीस ते. तुला एका माणसाने त्रास दिला आणि तू त्याच्या हाताला चावलीस ते. तू कुणालाही सांगणार नव्हतीस असं बरंच. रविवारी हॉलमध्ये ज्या मुलीबद्दल चाललं होतं ती मला ओळखीची वाटली नव्हती. ही वाटली. मी तिच्या आईला तिची ओळख करून देत होते, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्या आईचा एकेक दिवस मोडत होते. दोन्ही एकदम चालू होतं. मला थांबता येत नव्हतं आणि त्या थांबू देत नव्हत्या.

जुने संपत आले, जॉर्जियातले सुरू झाले. आणि मग त्या दिवसाच्या थोडं आधीचा तो आला, ज्यात तू म्हणतेस, "मम्मी, मला तुझी फार आठवण येते गं. बास झालं आता फिरणं. मी लवकर घरी येते." तुझ्या आयुष्यात तू काकूंना असं एकदाच म्हणालीस. पप्पांनी तो फोनमध्ये वेगळा करून ठेवला होता. जलदानाच्या कार्यक्रमात तो स्पीकरवर लावला होता, तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले होते.

काकूंनी त्याच्यावर अंगठा ठेवला. लावला नाही. माझ्याकडे बघितलं.

मला उत्तर माहीत होतं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चादरीवरच्या फुलांकडे बघत राहिले.

"ह्यो राहू दे," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही विचारलंत तर मी खरं सांगीन."

"म्हाईत हाय. म्हणूनच म्हणते, राहू दे. इचारीन कधी तरी. आज न्हाई." आणि त्यांनी फोन उलटा करून उशीखाली ठेवला. मग पप्पांना म्हणाल्या, "तिला रिक्षापर्यंत सोडून या."

पप्पा माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. शेअर रिक्षा भरेपर्यंत उभे राहिले. रिक्षावाल्याला माझी सोसायटी हिंदीत नीट समजावून सांगितली, त्या घडीला मला ते जमलं नसतं.

तो मेसेज तू कुठे केलास, केव्हा केलास, बोलण्याआधी काय म्हणालीस आणि बोलून झाल्यावर काय केलंस, हे मी इथेही लिहिणार नाही. काकूंनी तो प्रश्न स्वतःकडे ठेवलाय. त्या उद्या विचारतील किंवा म्हाताऱ्या झाल्यावर विचारतील, कदाचित कधीच विचारणार नाहीत. मला तोवर ते जसं घडलं तसं लक्षात ठेवायचं आहे. त्याला गोड करायचं नाही, माझ्या रागाने कडूही करायचं नाही. आताच मला शंका येते की तुझ्या आवाजानंतर जी शांतता होती ती तेवढीच होती, की मी ती वाढवून ठेवलीय. तुला विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस आणि वर मला हसली असतीस.

तेव्हा तिथे आपण दोघीच होतो. आता तिथलं जे काही आहे ते एकट्या मला माहीत आहे, आणि माझं बरोबर आहे का हे सांगायला कुणी नाही.